वळण

एक साधा प्रश्न. सायकल चालवताना डावीकडे वळायचं असेल तर हँडल सगळ्यात आधी कुठल्या बाजूला फिरतं?

घाई करू नका. मी हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत बर्‍याच जणांना विचारला. घरातल्यांना विचारला, ऑफिसमधल्यांना विचारला, नातेपुत्याला गेलो तेव्हा चाळीस-चाळीस वर्षं सायकलवर घालवलेल्या लोकांना विचारला. सगळे आधी माझ्याकडे जरा काळजीने बघतात आणि मग म्हणतात, "डावीकडेच की! अजून कुठं?"

उत्तर आहे, उजवीकडे. अगदी किंचित, क्षणभर, पण आधी उजवीकडे. चालवणार्‍याला ते कळतही नाही.

आपली माणसं अडाणी म्हणून त्यांना हे ठाऊक नाही असा समज कुणी करून घेऊ नये. राईट बंधू विमानाच्या नादी लागण्याआधी ओहायोतल्या डेटन गावात सायकलचं दुकान चालवत, हे शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यातल्या विल्बरने हाच उद्योग केला होता. भेटेल त्या सायकलवाल्याला तो विचारायचा, डावीकडे कसा वळतोस? उत्तर ठरलेलं, हँडल डावीकडे फिरवतो. खोदून विचारलं की कुणीकुणी झुकण्याबद्दल बोलायचा. पण आधी हँडल उलट बाजूला जातं हे एकानेही हेरलेलं नव्हतं. रोज करत होते सगळेच!

ही निव्वळ गंमत नव्हती बरं का. त्या काळात विमानाच्या मागे लागलेले बरेच जण विमान म्हणजे हवेतली बोट असं धरून चालले होते. मागे सुकाणू लावलं की वळेल. सायकलवाल्या राईटांना मात्र पक्कं ठाऊक होतं की असं यंत्र आधी कलतं आणि मग वळतं. म्हणून त्यांनी पंख पिळायची युक्ती काढली. १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाच्या मुळाशी एक सायकलचं वळण आहे असं मी म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

त्याच्याही आधी, १८६९ साली, ग्लासगोच्या रँकिन नावाच्या प्राध्यापकांनी 'इंजिनिअर' या साप्ताहिकात याच विषयावर लिहिलं होतं. (वाफेच्या इंजिनाच्या अभ्यासात ज्यांचं नाव येतं तेच हे रँकिन. इंजिनिअरिंगवाल्यांना जुन्या जखमा आठवतील.) तेव्हाच्या सायकलीला पायडल पुढच्या चाकाला असायचं, चाकांना लोखंडी धाव, आणि लोकांनी तिचं नाव ठेवलं होतं 'हाडं खिळखिळी करणारी'. त्या असल्या यंत्रावरही रँकिनना दिसलं की वळणाच्या आधी चाक उलट्या बाजूला जातं.

कारण सोपं आहे. काठी तळहातावर उभी धरून तोल सांभाळायचा खेळ आठवा. काठी डावीकडे कलवायची असेल तर हात उजवीकडे न्यावा लागतो. सायकलचंही तसंच. चाकं किंचित उजवीकडे सरकली की वरचं अंग डावीकडे कलतं. एकदा कललं की मग हँडल आपण होऊन डावीकडे येतं आणि सायकल त्या बाजूला वळते. खात्री करायची असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, बर्‍यापैकी वेगात, डाव्या तळव्याने हँडल हलकेच पुढे ढकलून बघा. हँडल जाईल उजवीकडे आणि तुम्ही जाल डावीकडे. पहिल्यांदा केलं की पोटात गोळा येतो. (काकू, तुम्ही करू नका. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय.)

तर मंडळी, आजचा विषय सायकलचं वळण आणि त्या वेळी अंगाचं काय करायचं, त्याचा इतिहास. आणि हा इतिहास मला माझ्या गावापासून सांगावासा वाटतो, कारण आमच्याकडे हे सगळं लोक करत होते. बोलत मात्र कुणी नव्हतं.

सुरुवात हाफ पायडलपासून. आताच्या मुलांना वयाच्या तिसर्‍या वर्षी बाजूला दोन छोटी चाकं लावलेली रंगीत सायकल मिळते. आमच्या पिढीत, आणि आमच्या आधीच्या दोन पिढ्यांत तर नक्कीच, घरात सायकल एकच असायची. ती वडिलांची किंवा चुलत्यांची. चोवीस इंची फ्रेम, वर आडवी दांडी, सीट आपल्या खांद्याला लागेल इतकी उंच. मग दांडीखालून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घालायचा, डाव्या हाताने हँडल, उजव्या हाताने दांडी नाहीतर सीट कवटाळायची आणि अर्धं अर्धं पायडल मारत निघायचं. 'खटक खटक' असा आवाज करत जाणारी ही पोरं गल्लोगल्ली दिसायची.

आता जरा विचार करा, यात अंग कुठे असतं? पोरगं सायकलच्या डाव्या बाजूला लटकलेलं. म्हणजे सायकल उजवीकडे कललेली. दोघं मिळून तोल साधतात. सीटवर बसून शिकणार्‍याला वाटतं की मी आणि सायकल एकच. हाफ पायडलवाल्याला पहिल्याच दिवशी कळतं की सायकल वेगळी, मी वेगळा, आणि जमिनीला कळतो तो आमच्या दोघांचा मिळून हिशोब. वळणाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे! युरोपातल्या स्पर्धक पोरांना प्रशिक्षक ही गोष्ट मुद्दाम कसरती करवून शिकवतात. आमच्याकडे ती गरजेपोटी फुकट मिळत होती.

पण फक्त मुलांना, हेही लिहिलं पाहिजे. मुलींच्या वाट्याला सायकल उशिरा आली आणि आली तीही बहुतेकदा दांडी नसलेली लेडीज सायकल. नऊ-दहाव्या वर्षी कुणाची तरी सायकल घेऊन मैदानात पडत झडत शिकणं त्यांना कुणी करू दिलं नाही. आमच्या आत्याने सायकल शिकली ती नोकरी लागल्यावर, आणि तिला अजून वळणावर उतरून सायकल हातात धरून वळवायची सवय आहे. भिऊन नाही, तिला कलणं कुणी करूच दिलं नव्हतं.

आता त्या काळ्या सायकलीबद्दल. इंग्रजांच्या काळात रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स या सायकली बोटीने यायच्या. मुंबईत वरळीला १९३९ मध्ये हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो. नावं बदलली, पण सायकल तीच राहिली. (अ‍ॅटलसचा शेवटचा, साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता! असो.)

ही सायकल इंग्लंडच्या खेड्यातल्या खडबडीत रस्त्यांसाठी बनली होती आणि म्हणूनच ती आपल्या खेड्यात टिकली. तिचा पुढचा काटा बराच तिरका, चाकं मोठी, अठ्ठावीस इंची, दोन चाकांमधलं अंतर लांब. याचा परिणाम असा की ती सरळ जाते तेव्हा अगदी गरीब गायीसारखी जाते. हात सोडले तरी चालते. पण वळायला सांगितलं की विचार करते. शर्यतीच्या सायकलीचा काटा जास्त उभा असतो आणि चाकं जवळ, त्यामुळे ती नुसत्या मनात आणलं तरी वळते. आपल्या काळ्या सायकलीला मात्र वळणाची आगाऊ सूचना द्यावी लागते. वेग आधी कमी, मग अंग, मग वळण. ही सूचना देण्याची सवय गावातल्या जुन्या सायकलवाल्यांच्या अंगात इतकी भिनलेली असते की साठी उलटलेला माणूस चौकात वळताना बघणं हा एक सोहळा असतो. पाठ ताठ, मान आधी वळलेली, आतल्या बाजूचं पायडल वर, आणि चेहर्‍यावर मंत्र्याच्या गाडीतून उतरल्याचा भाव.

तिचा ब्रेक मात्र बेताचा. तारेऐवजी लोखंडी दांड्या, आणि रबर रिमच्या आतल्या अंगाला खालून लागतं. रिम चकचकीत स्टीलची. पावसात ती ओली झाली की ब्रेक दाबला काय आणि देवाचं नाव घेतलं काय, फळ सारखंच. म्हणून "पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील" हा उपदेश आपल्याकडे घराघरात ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे. सरळ रस्त्यावर सगळ्यात जास्त थांबवणारा ब्रेक पुढचाच. ब्रेक लागला की वजन पुढे येतं आणि पुढचं चाक जमिनीला घट्ट धरतं. तो घातक ठरतो तो वळणात, सायकल कललेली असताना. टायरच्या पकडीचं असं आहे की भाकरी एकच. ती वळण्याला द्या नाहीतर थांबण्याला द्या. दोघांना पोटभर मिळत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सायकल उभी असताना. वळणात शिरल्यावर हात मोकळे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर दूधवाले आठवतात. नातेपुते, माळशिरस, अकलूज हा सगळा नीरा उजव्या कालव्याचा पट्टा. पाणी आलं, ऊस आला, जनावरं वाढली, दूध आलं. मोटरसायकली घरोघर येण्याआधी पहाटे मळ्यांतून गावाकडे येणारं दूध सायकलवर यायचं. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन, एखादा हँडललाही. अर्धा भरलेला कॅन वळणात किती छळतो हे ज्याने नेलाय त्यालाच ठाऊक. सायकल कलते, दूध मागाहून कलतं, आणि सायकल सरळ झाली तरी दूध अजून डुचमळतच असतं. म्हणून कॅन काठोकाठ भरलेला असेल तर वळण सोपं आणि अर्धा असेल तर अवघड. मोठमोठ्या टँकरच्या पोटात आडवे पत्रे घालतात ते याच कारणासाठी.

आणि डबलसीट! मागे बसणार्‍याला एकच नियम: तू काही करू नकोस. पण तो करतो. सायकल डावीकडे कलली की मागचा घाबरून उजवीकडे कलतो, म्हणजे चालवणार्‍याला आणखी कलावं लागतं, म्हणजे मागचा आणखी घाबरतो. नवरा-बायकोची भांडणं यावरून झालेली मी पाहिली आहेत. (घरच्यांनी नावं ओळखली असतील. मी लिहिणार नाही.)

इथे थोडं गणित, कंटाळू नका. वळणात किती कलायचं हे दोनच गोष्टींवर ठरतं: वेग आणि वळणाची त्रिज्या. समजा वळण दहा मीटर त्रिज्येचं आहे. ताशी १५ किलोमीटरने गेलात तर साधारण १० अंश कलावं लागतं. वेग दुप्पट, ताशी ३० केलात तर २० अंश नाही, थेट ३५ अंश! आणि कोरड्या चांगल्या डांबरावर टायर साथ सोडतो तोही याच्याच आसपास. ओल्या रस्त्यावर कितीतरी आधी, आणि कच पडलेल्या रस्त्यावर तर विचारूच नका. वळण चुकतं ते बहुतेक वेळा इथेच चुकतं. वेग "जरासाच" जास्त असतो, पण वळण त्याचा वर्ग करून वसूल करतं.

या हिशोबात वजन कुठेच येत नाही. दुधाचे कॅन लादलेला गडी आणि दहा वर्षांचं पोरगं एकाच वेगाने एकाच वळणावर गेले तर दोघांना सारखंच कलावं लागतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा खूप बरं वाटलं होतं. का ते सांगता येत नाही.

मात्र हे कलणं सायकल आणि अंग यांचं मिळून असतं. बेरीज ठरलेली, वाटणी आपल्या हातात. सायकल जास्त कलवा आणि अंग उभं ठेवा, किंवा अंग आत न्या आणि सायकल उभी ठेवा. सैल मातीवर, हळू वेगात पहिला प्रकार बरा, कारण चाक सटकलं तरी आपण चाकांच्या वरच असतो. मोटरसायकलच्या शर्यतीत गुडघा जमिनीला घासत जातात तो दुसरा प्रकार. ते पाहून हल्लीची मुलं सायकलवरही गुडघा बाहेर काढतात. दिसतं छान, सायकलवर उपयोग थोडाच.

पहिल्या प्रकाराचे उस्ताद आमच्याकडे येऊन जायचे आणि आम्ही त्यांना खेळवाले म्हणायचो. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांचं बालपण खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी गेलं त्यांना आठवेल. गावच्या चौकात किंवा शाळेच्या पटांगणात एक माणूस सायकलवर सलग तीन दिवस, पाच दिवस, सात दिवस गोल फिरत राहायचा. खाणंपिणं सायकलवर, अंघोळ सायकलवर, कपडे बदलणं सायकलवर. रात्री पेट्रोमॅक्स नाहीतर हॅलोजन लावून कर्ण्यावर गाणी. शेवटच्या दिवशी हार, नोटा, आणि छातीवर ट्यूबलाइट फोडणं वगैरे प्रकार. रात्री तो गुपचूप उतरतो का यावर पोरांमध्ये पैजा लागायच्या.

आता मागे वळून बघताना वाटतं, तो माणूस वळण थांबवतच नव्हता! सात दिवस एकच वळण. पटांगण लहान, वेग चालण्यापेक्षा थोडा जास्त. एवढ्या हळू वेगात सायकल आत आणि अंग थोडं बाहेर असा तोल तो झोपेच्या गुंगीतही धरून होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. या लोकांवर कुणी अभ्यास केला असेल तर मला आवडेल वाचायला. सर्कशीतल्या सायकलवाल्यांच्या वाट्याला निदान तंबू तरी आला.

जत्रेतला 'मौत का कुआँ' हाही याच घराण्यातला. तिथे तर लाकडी भिंतच जमीन होते. शहरातल्या सायकल शर्यतीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला चढती भिंत असते, ती याच कारणासाठी: आपण कलण्याऐवजी रस्ताच कललेला.

पण वळणात कलण्याचा सगळ्यात देखणा नमुना आमच्याकडे सायकलवर नाही, घोड्यावर बघायला मिळतो. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी फलटण, बरड करत नातेपुत्याला मुक्कामाला येते आणि दुसर्‍या दिवशी माळशिरसकडे निघते. वाटेत पुरंदावडे, म्हणजे सदाशिवनगर साखर कारखान्याजवळ, गोल रिंगण होतं. मध्ये पालखी, भोवती वारकरी, आणि मोकळ्या ठेवलेल्या गोलात दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. सगळ्यांचं लक्ष टापांकडे, कारण टापांखालची माती कपाळाला लावायची असते. मीही लहानपणी तेच बघायचो. नंतर कधीतरी स्वाराकडे नीट पाहिलं. घोडा आत कललेला, स्वार घोड्याबरोबर, पताका मात्र बाहेर फडफडणारी. समजा गोलाची त्रिज्या वीस मीटर आणि घोडा ताशी ३० ने धावतोय, तर कलण्याचा कोन येतो वीस अंशांच्या जवळपास. सायकलला लागतो तेवढाच. घोड्याला चार पाय आहेत म्हणून त्याला सूट नाही. आणि रिकाम्या पाठीचा अश्व तर न शिकवता कलतो! हा हिशोब मी रिंगणाच्या गर्दीत शेजारच्या एका माळकर्‍यांना सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माऊली, जरा सरका, दिसंना झालंय."

सपाटीवर वळण ही सोय असते. घाटात ती परीक्षा होते. आपल्याकडे सायकल आणि घाट म्हटलं की मुंबई-पुणे शर्यत. अनेक दशकांची परंपरा, मध्ये मध्ये खंडही पडलेले. खोपोलीहून खंडाळ्याला बोरघाट चढायचा आणि जो आधी वर पोचेल तो 'घाटाचा राजा'. पेपरात फोटो यायचा, आम्ही कापून ठेवायचो. या घाटातला गाडीरस्ता १८३० सालचा. त्याची वळणं आखली गेली ती बैलगाड्या आणि तोफा ओढणार्‍या बैलांच्या दमाचा विचार करून. चढ सोसवेल इतकाच ठेवायचा तर रस्ता नागमोडी करावा लागतो, म्हणून वळणं. रेल्वे १८६३ मध्ये त्याच घाटातून वर गेली तेव्हा एका ठिकाणी तिला वळायलाही जागा नव्हती. गाडी थांबायची, इंजिन दुसर्‍या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर जायची!

गंमत अशी की शर्यत मुंबईकडून पुण्याकडे, म्हणजे घाट चढायचा असतो. उतरणार्‍याला बक्षीस नाही. हे फक्त आपलंच नाही. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत १९१० साली पिरेनीजचे मोठे डोंगर आले, तेव्हापासून कौतुक चढणार्‍यांचं. उतारावर मात्र माणसं गेली. १९३५ साली स्पेनचा सेपेदा गालिबिये उतरताना पडला आणि काही दिवसांनी वारला. १९९५ मध्ये इटलीचा कासार्तेली गेला, २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुला खिंड उतरताना गिनो मेडर गेला. हे जगातले उत्तम सायकलपटू. उतारावर सीट सोडून पुढच्या दांडीवर बसून अंगाची मोळी करून जायची एक पद्धत निघाली होती. त्यात वेग मिळतो पण वळायला आणि ब्रेकला हात मोकळा राहत नाही. सायकलच्या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

आमच्या जवळचा घाट म्हणजे शिंगणापूरचा. नातेपुत्यातून शिखर शिंगणापूरला जाणारा रस्ता सपाट रानातून निघतो आणि शेवटी डोंगराला भिडतो. चैत्रात याच डोंगरावर कोथळ्याच्या बाजूने मुंगी घाटातून कावडी चढवतात. माणसांची साखळी करून, कावड हातोहात वर. तिथे अंगाचा तोल म्हणजे काय ते बघावं. सायकलवाल्यांसाठी गाडीरस्ता आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गिअरच्या सायकली आल्यापासून आसपासच्या गावांतली मंडळी रविवारी पहाटे शिखराला जाऊन येतात. चढताना सगळे एकमेकांना धीर देतात. उतरताना जो तो आपापल्या नशिबाच्या हवाली.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा प्रथमच निघाला होता. त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो, म्हणजे पुन्हा फोनवर सांगायला नको. ब्रेक वळणाआधी. वळणात शिरताना बाहेरच्या बाजूचं पायडल खाली आणि सगळा भार त्याच्यावर, म्हणजे आतलं पायडल जमिनीला लागत नाही आणि सीटवरून थोडं उठल्यामुळे खड्डा आला तर गुडघे तो गिळतात. कोपर सैल. आतल्या हाताने हँडल हलकेच पुढे ढकल, ओढू नकोस. आणि डोळे वळणाच्या शेवटाकडे. दरीकडे बघितलंस की दरीकडेच जाशील, कारण मान जिकडे तिकडे खांदे आणि खांदे जिकडे तिकडे सायकल. वळण हातातून निसटतंय असं वाटलं की माणूस ब्रेक दाबतो, सायकल उभी होते आणि सरळ बाहेर जाते. तेव्हा ब्रेक सोडून आणखी कलायचं असतं. मन याला तयार होत नाही. म्हणूनच ते आधी मैदानात करून बघायचं, घाटात नाही.

भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं एका वळणात आठवायचं?"

तो मुद्दा बरोबर होता. सायकल का पडत नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. फिरत्या चाकांमुळे तोल राहतो असं बरीच वर्षं पुस्तकांत होतं. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, केवळ हौसेपोटी, तो परिणाम खोडून टाकणारी सायकल बनवली. ती मजेत चालवता आली. मग पुढच्या काट्याच्या ठेवणीवर सगळं ढकललं गेलं. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ही दोन्ही कारणं काढून टाकलेली सायकल करून दाखवली. तीही तोल सांभाळून गेली. एवढं सगळं कागदावर मांडायला दीडशे वर्षं लागली, आणि हाफ पायडल मारणार्‍या पोराला लागायचे पाच-सहा दिवस आणि एक फुटलेला गुडघा. भाच्याला मी एवढंच म्हटलं की एका वळणात एकच गोष्ट कर. आज फक्त डोळे.

राहता राहिला रस्ता. आमचा जुना पालखी मार्ग मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना उतरता होता, पावसाचं पाणी जावं म्हणून. आपण डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे डावं वळण असलं की रस्त्याचा उतार आपल्याला आत धरायचा आणि उजवं वळण असलं की बाहेर लोटायचा. ऊस सुरू झाला की त्यात भर म्हणून बैलगाड्या-ट्रॅक्टरमधून सांडलेलं पाचट आणि चाकांची माती. गावातल्या सायकलवाल्यांना कुठलं वळण फसवं हे पाठ असायचं. तेही कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपुरात पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यातला ज्ञानेश्वर पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५, आमच्या बाजूने जातो. रस्ता रुंद झाला, प्रवास सोपा झाला, वारकर्‍यांसाठी कडेने चालायची वाट आखली गेली. मी त्याविरुद्ध नाही. पण अशा रस्त्याची वळणं ताशी शंभरने जाणार्‍या गाडीसाठी आखलेली असतात. इतकी लांब की सायकलवाल्याला ती वळणं आहेत हेच कळत नाही. त्याला वळण भेटतं ते एकदम महामार्ग ओलांडताना, काटकोनात, ट्रकसमोर. शाळेत जाणारी मुलं सायकल थांबवून, उतरून, हातात धरून पळत पलीकडे जातात. आत्यासारखी.

रस्ता सरळ केला की जुन्या रस्त्याचे तुकडे बाजूला उरतात. एखादा पूल, दोन झाडं आणि कुठेच न जाणारं एक वळण. तिथे कुणी धान्य वाळत घालतं, कुणी शेळ्या बांधतं. दिवाळीत गेलो तेव्हा अशाच एका तुकड्यावर चार-पाच पोरी सायकलींनी गोल गोल फिरत होत्या. एक दोन्ही हात सोडून. मी गाडी थांबवून बघत उभा राहिलो तशी त्यातली मोठी जवळ येऊन म्हणाली, "काका, गाडी जरा पुढं घ्या ना, आमच्या वळणात येतीय."

घेतली पुढे.